तुटलेली चांदी आणि उतावळा टॉर्च : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर जवळपास सगळी जुन्या चांदीच्या टेबलवेअरची, काटे-चमचे, टीपॉट, सुऱ्या, कँडलस्टिक, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, तुटलंय, कशाने चिकटवू. एकसारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्या निम्म्या लोकांचं उत्तर त्यातच आहे म्हणून ते कापलं नाही.

प्रश्न : ताई, आजीकडून आलेला चांदीचा टीपॉट आहे. हँडलचा खालचा सांधा सुटलाय, वरचा अजून धरून आहे. सुटलेल्या जागी करड्या रंगाचा मऊ धातू दिसतो, नखाने पण ओरखडा उठतो. भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो, तो म्हणतो सोल्डरिंग आयर्नने पाच मिनिटांत लावून देतो. देऊ का?

उत्तर : नका देऊ. भावाच्या हाताबद्दल शंका नाही, पण तो जे करणार तेच कोणीतरी आधीच करून ठेवलंय, तो करडा मऊ धातू म्हणजे तेच, कथील-शिशाचं सॉफ्ट सोल्डर. चांदीच्या कामात खरं वापरतात ते हार्ड सोल्डर, म्हणजे चांदी, तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, ते साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळून सांध्यात ओढलं जातं आणि मग तो सांधा जवळजवळ भांड्याइतकाच मजबूत होतो. कथील-शिसं १९० अंशांच्या आतबाहेरच वितळतं, ते चांदीवर नुसतं बसतं, भरलेल्या टीपॉटचं वजन हँडलवर आलं की सुटतं. तुमचं सुटलं ते याचमुळे.

आता खरी भानगड इथून पुढे आहे. समजा तुम्ही भावाकडे न देता एखाद्या घाईतल्या कारागिराकडे दिलं आणि त्याने ते करडं न काढता वरून टॉर्च (विजेरी नव्हे, गॅसची ज्योत सोडणारं जोडकामाचं हत्यार) मारला, तर तापमान चढत जाताना ते शिसं-कथील चांदीत शिरतं, चांदीबरोबर कमी तापमानाला वितळणारं मिश्रण तयार होतं आणि पत्र्याला खड्डे पडतात, पातळ पत्रा असेल तर आरपार भोक. आणि हे झालं की परत मागे जाता येत नाही, तेवढा भाग कापून नवा पत्रा बसवणं एवढंच उरतं. चांदीचं मी जे जे वाया गेलेलं काम बघितलंय त्यात सगळ्यात जास्त हेच, तुटणं हे कारण नाहीच, तुटल्यानंतर खाली काय आहे ते न बघता दिलेली आच हे कारण.

म्हणून कारागिराला पहिला प्रश्न हा विचारायचा, की जुनं सोल्डर कसं काढणार. चांगला माणूस सांगेल की आधी खरवडणार, मग जेमतेम ते वितळेल एवढंच गरम करून पुसून घेणार, मग राहिलेलं परत खरवडून चकचकीत चांदी दिसेपर्यंत साफ करणार, आणि मगच टाकणखाराचा फ्लक्स, म्हणजे आचेत धातूवर ऑक्साइड येऊ न देणारा लेप, लावून हार्ड सोल्डर. जो म्हणेल "काही नाही हो, जळून जाईल ते", त्याच्याकडून टीपॉट उचला आणि घरी या.

दुसरं, तो खरंच चांदीचा आहे का ते बघा. बुडावर किंवा हँडलजवळ छाप असेल. चालणारा सिंह असेल तर इंग्लिश स्टर्लिंग, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी, सोबत नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन, मुकुट असेल तर शेफील्ड (तिथे १९७५ पासून मुकुटाच्या जागी गुलाब आला). ८०० आकडा, चंद्रकोर आणि मुकुट असं असेल तर जर्मन, १८८८ नंतरचं. पण ई.पी.एन.एस. असेल तर ते निकेल-सिल्व्हर, त्यात तांबं-निकेल-जस्त, चांदी फक्त वरच्या मुलाम्याला. आणि ई.पी.बी.एम. असेल तर जास्तच सांभाळा, आतला धातू ब्रिटानिया मेटल, म्हणजे मुख्यतः कथील, तो अडीचशे अंशांच्या आसपासच वितळतो. त्यावर चांदीचा टॉर्च लावला तर हँडल जोडायला म्हणून गेलेला टीपॉट टेबलावर पातळ होऊन पसरेल. अशा भांड्यांना कमी तापमानाचं सोल्डरच लागतं आणि ते करणारी माणसं वेगळी असतात.

तिसरं, हँडल पोकळ आहे का? पोकळ असेल आणि दोन्हीकडून बंद असेल तर आच लागल्यावर आतली हवा किंवा अडकलेलं पाणी फुगतं आणि हँडल फुटतं, म्हणून कुठेतरी बारीक भोक ठेवावंच लागतं, जुन्या कामात बहुतेक वेळा ते आधीपासून असतं, फक्त पॉलिशच्या पांढऱ्या गाळाने बुजलेलं असतं. आणि हँडलमध्ये दोन पांढऱ्या चकत्या दिसताहेत का ते बघा, हात भाजू नये म्हणून हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या घालायचे, त्या पिना काढून आधी बाहेर यायला हव्यात, आचेत त्या टिकत नाहीत.

आणि हो, तोपर्यंत त्यात चहा करू नका. करडा धातू आतल्या बाजूलाही दिसत असेल तर अजिबातच नको, त्यात शिसं असणार असंच धरून चाला.

प्रश्न : मॅडम, जेवणाचा काटा मानेपाशी वाकला होता, मी हाताने सरळ केला, परत वाकला, परत केला. आता तिथे केसासारखी रेघ दिसतेय. एक दाता पण बाकीच्यांपेक्षा आखूड झालाय, तो जुळवायला बाकीचे कानशीने घासून सारखे करू का?

उत्तर : रेघ म्हणजे तडा. लोखंडाची तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना, तेच चाललंय, प्रत्येक वाकवण्याला चांदी कडक होत जाते आणि शेवटी तडकते. आता हात लावू नका, वापरू पण नका. कारागीर तो तडा साफ करून हार्ड सोल्डर भरेल किंवा लेझर वेल्डिंग करेल. लेझरचा फायदा असा की आच अगदी टिंबाएवढ्या जागेत लागते, तोटा असा की चांदी प्रकाश परत फेकते आणि उष्णता भराभर पसरवते त्यामुळे चांदीवर लेझर चालवायला हात बसलेला माणूस लागतो, सोन्यावर छान करतो म्हणजे चांदीवर करेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या जी बरेच जण विसरतात. सोल्डर करताना मान तापते आणि तापली की चांदी नरम होते, म्हणजे सांधा पक्का पण त्याच्या आजूबाजूचा भाग पिठासारखा मऊ नसला तरी पूर्वीपेक्षा खूपच मऊ, आणि पहिल्याच जेवणात काटा परत वाकतो. जोडून झाल्यावर मान ऐरणीवर हलक्या हातोडीने ठोकून किंवा पोलादी ओपणीने (गुळगुळीत टोकाच्या हत्याराने) घासून परत कडक करावी लागते. "नंतर कडक करणार का?" एवढंच विचारा, समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळेल.

दात्यांबद्दल, नाही, नाही आणि नाही. बाकीचे दाते घासून आखूड केलेले काटे जुन्या चांदीच्या बाजारात लांबूनच ओळखू येतात, दाते बुटके आणि मान लांब, आणि किंमत तिथेच पडते. एक दाता जरा आखूड राहू दे. टोक बोचत असेल तर तेवढंच गोल करून घ्या.

प्रश्न : चांदीच्या मुठीच्या सहा सुऱ्या डिशवॉशरमध्ये लावल्या, आता दोघींची पाती हलताहेत, एकीची मूठ शिवणीवर उघडलीय आणि आतून काळं काहीतरी बाहेर आलंय. ही खोटी चांदी आहे का?

उत्तर : खोटी नाही. सुरीची मूठ बहुतेक वेळा भरीव नसतेच, पातळ पत्र्याचे दोन ठसे मारलेले अर्धे भाग जोडून पोकळ मूठ करतात, आत राळ आणि त्यात भुकटी मिसळून भरतात आणि गरम असतानाच पात्याची शेपटी आत खुपसतात. ते काळं म्हणजे ती राळ. डिशवॉशरच्या गरम पाण्यात ती मऊ झाली, फुगली आणि जी मूठ कमजोर होती ती शिवणीवर उघडली.

घरी करण्यासारखं यात काही नाही, ओव्हनमध्ये गरम करून दाबून बसवायचा सल्ला कोणी दिला तर देऊ द्या, तुम्ही करू नका. कारागीर मंद गरम करून पातं काढतो, जुनी राळ पूर्ण साफ करतो, शेपटीवर गंज असेल तर तो पण, कारण गंज फुगतो आणि आतून मूठ फाडतो, मग शिवण दुरुस्त करून नव्याने भरतो. क्रम महत्त्वाचा, राळ आत असताना शिवणीला टॉर्च लावायचा नाही. भरायला काही जण राळच घेतात, काही इपॉक्सी. रोज वापरायच्या सुऱ्या असतील तर इपॉक्सीला माझी हरकत नाही, पण फार जुन्या असतील तर राळच बरी, पुढच्या वेळी निघते तरी.

पाती स्टेनलेस आहेत का, हे पण तुम्ही विचारलंय. स्टेनलेस स्टील शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये बनवलं, त्यामुळे मुठीवरचा छाप त्याच्या आधीचा आणि पातं स्टेनलेसचं असेल तर पातं नंतर बदललेलं. वापराला काही फरक पडत नाही, विकताना मात्र तसं सांगा.

प्रश्न : कॉफीपॉटच्या पोटाला पोचा पडलाय, आतून चमच्याच्या दांड्याने ढकलून काढता येईल का? तोंड अरुंद आहे, हात जात नाही.

उत्तर : चमच्याने एक मोठा पोचा जाऊन त्या जागी चार छोटे टोकदार पोचे येतील, ते काढणं जास्त अवघड. कारागिराकडे यासाठी एक गमतीदार हत्यार असतं, लांब वाकवलेला पोलादी दांडा, एक टोक व्हाइसमध्ये घट्ट पकडलेलं, दुसरं वर वळलेलं गोल टोक भांड्याच्या आत पोच्याच्या बरोबर खाली. मग हातोडी भांड्यावर मारायचीच नाही, बाहेर उरलेल्या दांड्यावर व्हाइसजवळ मारायची, दांडा थरथरतो आणि आतलं टोक उसळून पोच्याला आतून बारीक बारीक ठोके देतं. डाव्या हाताने भांडं सतत सरकवत राहायचं. बघत बसावंसं काम आहे, संधी मिळाली तर बघा.

पोचा नक्षीवर किंवा कोरलेल्या अक्षरांवर असेल तर थोडा राहिला तरी राहू द्या. आणि पोच्याच्या जागी आधी कोणीतरी नाव घासून काढलेलं असेल तर तिथला पत्रा पातळ झालेला असतो, अंगठ्याने हलकं दाबलं तर लवतो, अशा ठिकाणी ठोकाठोकी केली तर फाटतो. लवत असेल तर कारागिराला आधीच सांगा.

प्रश्न : मीठदाणीच्या आत काळे-हिरवे डाग पडलेत, खरवडले तर खाली खड्डे. बेकिंग सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलने जातील?

उत्तर : फॉइलचा उपाय काळवंडण्यावर चालतो, म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर जो सिल्व्हर सल्फाइडचा थर येतो त्यावर, तिथे अ‍ॅल्युमिनियम गंधक काढून घेतं आणि चांदी मागे राहते. तुमचं दुखणं ते नाही. मिठातलं क्लोराइड ओल लागली की चांदीला आणि त्यातल्या तांब्याला खातं, खड्डा म्हणजे तिथला धातू गेलेला, तो कशाने परत येणार. खरवडणं थांबवा, कोमट पाण्याने पुन्हापुन्हा धुवून मीठ पूर्ण काढा, लगेच कोरडं करा. मग काचेची वाटी घालून वापरा, जुन्या मीठदाण्यांना निळ्या काचेच्या वाट्या उगीच नसायच्या, आणि आतून सोन्याचा मुलामा पण याचसाठी द्यायचे. जेवण झालं की मीठ काढून ठेवा, बस.

फॉइलबद्दल सांगायचं तर मला तो फारसा आवडत नाही. नक्षीच्या खोबणीतली मुद्दाम ठेवलेली काळी छटा पण तो घेऊन जातो आणि चांदी निर्जीव पांढरी दिसते. पोकळ मुठीच्या सुऱ्या आणि आतून भरलेल्या वस्तू तर त्या गरम पाण्यात बुडवायच्याच नाहीत, शिवणीतून पाणी शिरतं.

प्रश्न : कँडलस्टिक वाकडी झालीय, बुडाला हिरवं कापड आहे, उचलली तर जड. चांदी एवढी जाड असून वाकली कशी?

उत्तर : जड आहे कारण आत भर घातलीय, राळ किंवा प्लास्टर, आणि बऱ्याचदा मधून लोखंडी सळई. वरची चांदी कागदाला लाजवेल इतकी पातळ असते. कापड काढून भर बाहेर काढल्याशिवाय सरळ करायला जाऊ नका, आणि आच तर नकोच. सरळ करून परत भरून मिळते.

प्रश्न : ट्रेच्या उंच भागांवर तांबं दिसायला लागलंय. परत प्लेटिंग करून घेऊ का, नव्यासारखा दिसेल?

उत्तर : आधी कडा बघा. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून दाबून एकजीव करायची पद्धत शेफील्डमध्ये थॉमस बोल्सोव्हर यांनी १७४० च्या दशकात काढली, ते ओल्ड शेफील्ड प्लेट. त्यात कापलेल्या कडेला तांबं दिसू नये म्हणून चांदीची तार किंवा पट्टी बसवलेली असते, नखाला बारीक पायरी लागते. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा द्यायचं पेटंट घेतलं आणि मग ती जुनी पद्धत मागे पडत गेली. विजेच्या मुलाम्यात चांदी सगळीकडे सलग चढते, कडेला जोड नसतो.

तुमचा ट्रे जुन्या पद्धतीचा निघाला तर प्लेटिंग करू नका, तांब्याची गुलाबी झाक दिसणं हे त्या वस्तूचं वय आहे आणि समजणारे लोक त्यालाच किंमत देतात, नवा मुलामा चढवला की तो ट्रे जुना असूनही जुना राहत नाही. त्यावर शिशाचे सांधे दिसले तरी घाबरून काढायला लावू नका, त्या प्रकारात पाय आणि काठ सॉफ्ट सोल्डरने लावायचीच पद्धत होती. विजेच्या मुलाम्याचा साधा ट्रे असेल आणि रोज वापरायचा असेल तर खुशाल करून घ्या, फक्त पोचे आणि सांधे आधी, प्लेटिंग शेवटी.

प्रश्न : एका भांड्याचं झाकण हरवलंय. दुसऱ्या तुटक्या भांड्याचं बसवून देतो असं कारागीर म्हणतो, दोन्ही इंग्लिश छापाची आहेत. चालेल?

उत्तर : घरी वापरायला चालेल, पण बिजागरीची पिन काढता येण्यासारखी ठेवा आणि "लग्न लावलेलं" झाकण आहे हे कुठेतरी लिहून ठेवा, झाकणावरच्या आणि भांड्यावरच्या छापात वर्ष दाखवणारं जे अक्षर असतं त्यात फरक असेल तर तो नंतर कोणाच्या तरी लक्षात येणारच. ब्रिटनमध्ये विकायचं मनात असेल तर आधी थांबा, तिथे १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्याने छाप असलेल्या वस्तूत भर घालायला किंवा तिचं रूप बदलायला अ‍ॅसे ऑफिसची, म्हणजे चांदीची शुद्धता तपासून छाप मारणाऱ्या कार्यालयाची, परवानगी लागते.

प्रश्न : सगळं दुरुस्त करून आणलं, काम छान झालंय, पण सांध्याजवळ जांभळट-करडा ढग दिसतो आणि जोडाची बारीक रेघ पण दिसते. फसवलं का मला?

उत्तर : नाही हो. ढग म्हणजे फायर स्टेन, स्टर्लिंगमधलं तांबं आचेत हवेतला ऑक्सिजन घेतं आणि पृष्ठभागाच्या खाली ऑक्साइड तयार होतं, फ्लक्स सगळीकडे नीट लावला असता तर कमी आलं असतं एवढं त्यांना जरूर सांगा. पॉलिश करून जाईल का, तर जाईल, पण ते खालपर्यंत असतं म्हणून तेवढी चांदी पण जाईल आणि शेजारी छाप असेल तर तो पुसट होईल. मी तरी राहू देईन.

रेघेचं म्हणाल तर सोल्डरमध्ये चांदी कमी असते, ते वेगळ्या रंगाने काळवंडतं, त्यावर तोंडाची वाफ सोडली की जोड उठून दिसतो, जुनी चांदी घेणारे याच युक्तीने दुरुस्ती शोधतात. जोडात फट नाही, नख अडकत नाही, पाणी भरून ठेवलं तर गळत नाही, एवढं तपासा. तेवढी रेघ झाकायला अख्ख्या भांड्यावर मुलामा देऊन घेऊ नका, पॉलिश करताना त्या जागी कापड जरा जास्त वेळा फिरवा.